सतरा नंबरची शेवंती

२४ फेब्रुवारी १९५२

ही वही शेवंतीच्या नोंदींसाठी घेतली होती. कुठल्या कुंडीत काय लावलं, कधी खुडलं, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण आज दुसरंही लिहिते, कारण घरात बोलायला सोय नाही. यांच्या बदलीची ऑर्डर आली. जबलपूर. मे महिन्यात हजर व्हायचं.

म्हणजे माझी टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी गेली. नऊ वर्षं बोर्डावर बसते आहे, सकाळी सात ते दोन. हेमाची शाळा, अशोकची शाळा, सगळं उठवायचं. आणि ही गच्ची. इथे कलकत्त्यात, भवानीपूरला, तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आम्ही घेतली ती गच्चीसाठी. घरमालकीण माशीमा सुद्धा म्हणतात की गच्ची आता तुमचीच. कुंड्या एकशे बारा आहेत.

सतरा नंबरचं रोप मी बियांपासून केलं. चाळीस रोपं उगवली होती, एकोणचाळीस उपटून टाकली. चार वर्षं लागली. पांढरं फूल, पाकळ्या आत वळलेल्या, मधोमध कोवळ्या काकडीसारखा हिरवा रंग. असं फूल मी कुठे पाहिलेलं नाही. यंदा त्याचे सहाच फुटवे निघाले. सहाही वेगळ्या कुंड्यांत लावले.

यांना म्हटलं, साहेबांना भेटा, काहीतरी करा. हे म्हणाले, "बघतो." दिगंबर टिपणीस आयुष्यभर "बघतो" म्हणत आले आहेत.

१६ मार्च १९५२

बदली रद्द. संदेश मिठाईचा पुडा घेऊन हे घरी आले. मुलांनी उड्या मारल्या. मी यांना विचारलं, साहेबांना काय सांगितलंत? तर म्हणाले, "मिरीकर साहेब चांगले आहेत," आणि अंघोळीला गेले. मला वाटलं होतं की हे जास्त खूष होतील. जेवले सुद्धा नाहीत नीट.

सतराच्या कुंड्या पाचच आहेत. यांना विचारलं. म्हणाले, मांजरानं एक पाडली, खापरं मीच गोळा करून टाकली. रोप तरी ठेवायचं होतं. पुरुषांना कळत नाही. पण आज रागावले नाही.

२१ डिसेंबर १९५२

अलीपूरच्या फुलांच्या प्रदर्शनाला मुलांना घेऊन गेले होते. हे आले नाहीत, डोकं दुखत होतं. मी छोट्या शेवंतीच्या तीन कुंड्या मांडल्या होत्या, त्यांना काही मिळालं नाही, त्याचं दुःख नाही. सतरा नंबर मी मुद्दाम नेला नाही. फूल दरवर्षी सारखंच येतं की नाही ते आणखी एक वर्ष बघायचं होतं.

मोठ्या फुलांच्या मांडवात गर्दी होती. हेमा पुढे घुसली आणि ओरडली, "आई, आपलं फूल!"

आपलंच होतं. तीच पाकळी, तोच हिरवा गाभा. पहिलं बक्षीस. नवीन वाण. खाली पुठ्ठ्यावर वाणाचं नाव 'शकुन', आणि मांडणाऱ्याचं नाव मिसेस शकुन मिरीकर. यांच्या साहेबांची बायको.

बाई तिथेच उभी होती, निळ्या रेशमी साडीत. माझ्याकडे बघून हसली आणि मान लववली. ओळखीच्या माणसाशी हसावं तशी हसली. मी मुलांचे हात धरून बाहेर आले.

२३ डिसेंबर १९५२

विचार करून लक्षात आलं. या वर्षी जानेवारीत मिरीकरांचा माळी यांच्यासाठी ऑफिसचे कागद घेऊन आला होता. गच्चीवर उभा राहून फुलं बघत होता. त्यानंच फुटवा नेला, आणि त्या बाईनं त्याला पाठवलं असणार. माझी चार वर्षं. ड्यूटीवरून उभ्या उभ्या येऊन, पोळ्या लाटायच्या आधी मी गच्चीवर जात होते. अशोकला ताप असताना सुद्धा गेले आहे. आणि नाव दिलं काय, तर स्वतःचं.

यांना सांगितलं. यांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांच्या बायकोवर असा आळ घेऊ नकोस, म्हणाले. एक फूल ते काय. सोडून दे.

मी सोडणार नाही. तिनं जे घेतलं ते तिच्या हातात असताना मातीमोल झालेलं मला बघायचं आहे. हे लिहून ठेवते आहे म्हणजे माझा राग निवला तर वाचता येईल.

९ जानेवारी १९५३

मिरीकरांच्या बंगल्यावरच्या फोनचा दिवा माझ्याच बोर्डावर लागतो. पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. आज चारदा लागला. पहिल्या तिन्ही वेळा मी "नंबर प्लीज" म्हटलं, जोडून दिलं, आणि बाई दोन वाक्यं बोलली की दोरी उपटली. चौथ्यांदा ती म्हणाली, "ऑपरेटर, माझी आई आजारी आहे हो, जरा जोडून ठेवा." इंग्रजीत म्हणाली. मग ठेवलं जोडून.

घरी येताना ट्राममध्ये स्वतःचाच राग आला. हा पोरखेळ झाला. याच्यानं तिचं काय बिघडतं?

१४ जानेवारी १९५३

मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू. कलकत्त्यातली सगळी मराठी घरं होती. बाई आपण होऊन माझ्याजवळ आली. तिळगूळ देत म्हणाली, "कालिंदीताई, तुमच्याशी केव्हापासून बोलायचं होतं. तुमचं मन किती मोठं आहे हे मला माहीत आहे."

चोरी करून वर हे बोलायचं. माझ्या हातातला तिळगूळ चुरला. पण मी हसले. ती म्हणाली, मला फुलांतलं खरं तर काही कळत नाही. पहिलं बक्षीस मिळालं ते रोपाच्या गुणानं. तुम्ही मला शिकवाल का?

तेव्हाच मला सुचलं. मी म्हटलं, "शिकवीन की."

१९ जुलै १९५३

सहा महिने शिकवते आहे. रविवारी दुपारी मुलांना घेऊन तिच्या अलीपूरच्या बंगल्यावर जाते. पहिल्यांदा कटिंग्ज लावायला शिकवलं, मग माती, मग शेंडे खुडणं. सगळं खरं खरं शिकवते. तिचा विश्वास बसला पाहिजे.

तिच्याकडे आता सतराची अकरा रोपं आहेत. माझ्या रोपांपेक्षा गुबगुबीत.

बाईला मूल नाही. साहेब दौऱ्यावर. ती हेमाला जवळ घेऊन मराठी गोष्टी वाचून दाखवते आणि मग हेमाकडून वाचून घेते. हेमा आता जोडाक्षरं अडखळत नाही. अशोक "पाणी खातो" म्हणायचा बंगाली मुलांसारखा, तोही सुधारला. मी कबूल करते की हे माझ्याकडून झालं नव्हतं. तिला वेळ आहे. मला दोन वाजता ड्यूटी संपल्यावर रेशन, दळण, गच्ची. वेळ असता तर मीही वाचून दाखवलं असतं.

परत आलो की हे दरवेळी दारात उभे. काय बोलणं झालं? बाई काय म्हणाल्या? माझं नाव निघालं का? साहेबाला एवढं घाबरणारा माणूस मी पाहिला नाही.

४ ऑक्टोबर १९५३

हेमाला ताप होता तर बाई सकाळी सहालाच गाडी घेऊन घरी आली. तीन जिने चढून. तिच्या उशाशी बसली, मोसंबीचा रस काढला. मला म्हणाली, तुम्ही ड्यूटीला जा, मी आहे. मी गेले. बोर्डावर बसल्यावर लक्षात आलं की मी शत्रूच्या हातात पोर सोडून आले आणि मला काळजी वाटली नाही.

हे काही बरं नाही. पुठ्ठ्यावरचं ते नाव मी डोळ्यांपुढे आणलं. राग परत आला. आला तेव्हा बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर १९५३

आज केलं.

शेवंतीला मोहरीच्या पेंडीचं पाणी घालतात. कळीनं रंग दाखवला की ते बंद करायचं. ही गोष्ट कोणी सांगत नाही, चुका करून कळते. पुढेही घालत राहिलं तर फूल उमलता उमलता पाकळ्या कुजतात, आणि पांढरं फूल सगळ्यात आधी कुजतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं होतं.

तिच्या अकराही रोपांवर कळ्या पांढऱ्या दिसू लागल्या आहेत. तिनं विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, "आता खरी भूक लागते. पेंडीचं पाणी एक दिवसाआड, आणि दुप्पट कडक."

तिनं आपल्या छोट्या वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. माळ्याला जमणार नाही, मीच घालीन, म्हणाली.

परत येताना मी मुलांना पुचका, म्हणजे इकडची पाणीपुरी, घेऊन दिला. स्वतःही खाल्ला. कित्येक महिन्यांनी इतकं हलकं वाटतं आहे.

६ डिसेंबर १९५३

बाईनं गाडी पाठवली होती, लगेच या म्हणून. अकराच्या अकरा कुंड्या व्हरांड्यात रांगेनं. फुलं अर्धी उमललेली, पाकळ्यांची टोकं तपकिरी, काही पार लिबलिबीत. कुजका वास येत होता. मी हेच बघायला एक वर्ष थांबले होते. बघितलं. मनात म्हटलं, झालं.

ती रडली नाही. म्हणाली, माझ्याच हाताला गुण नाही. पेंड जास्त कडक झाली असेल माझ्याकडून. मग म्हणाली, "कालिंदीताई, सगळ्यात वाईट कशाचं वाटतं सांगू? तुम्ही इतक्या विश्वासानं दिलेलं रोप मी असं घालवलं."

मी विचारलं, "मी दिलेलं?"

"मला माहीत आहे, तुम्हाला त्यावर बोललेलं आवडत नाही. टिपणीसांनी तेव्हाच सांगितलं होतं. कुंडी घेऊन ते स्वतः आले होते. म्हणाले, बायकोनं स्वतः केलेलं वाण आहे, तुमच्यासाठी पाठवलं आहे, पण तिच्यापाशी विषय काढू नका, बदलीचं प्रकरण चालू आहे, तिला ओशाळं वाटेल. म्हणून मी आभारसुद्धा मानले नाहीत. प्रदर्शनात नाव लिहायला सांगितलं तर काय लिहू? तुमचं नाव लिहिलं असतं तर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं, असं वाटलं. आता वाटतं, तुमचंच लिहायला हवं होतं."

मी खुर्चीवर बसले. तिला वाटलं मला फुलांचं दुःख झालं. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

७ डिसेंबर १९५३

मुलं शाळेत गेल्यावर यांना विचारलं. मी रजा काढली, यांनाही काढायला लावली. खोटं बोलले नाहीत. एवढे दिवस कधीतरी विचारशील म्हणून वाटच बघत होतो, म्हणाले.

"मांजरानं पाडली म्हणालात."

"हो."

"एक वर्ष मी त्या बाईला चोर म्हणत होते. तुमच्यासमोर. रोज."

"सांगणार होतो. प्रत्येक रविवारी तू परत आलीस की वाटायचं, आज कळलं असेल, बरं झालं." मग म्हणाले, "तुझी नोकरी आणि गच्ची दोन्ही जात होती. तू पंधरा दिवस जेवत नव्हतीस. साहेबांना द्यायला माझ्याकडे काय होतं? तुझंच ते एक चांगलं होतं घरात."

"मागितलं असतंत तर?"

"दिलं नसतंस."

खरं आहे. दिलं नसतं. म्हणूनच जास्त संताप आला. माझ्यासाठी केलं म्हणे. माझी वस्तू चोरून, माझ्या नावानं खोटं बोलून, माझ्यासाठी. आणि मला त्या निरपराध बाईच्या मागे लागू दिलं. तिची फुलं मी नासवली हे यांना सांगितलं नाही. यांना हलकं वाटेल असं काहीही मी सांगणार नाही.

२० डिसेंबर १९५३

पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनात सतराची माझी तीन फुलं, गाभा हिरवागार. फॉर्मवर मी वाणाचं नाव लिहायला गेले तर तिथल्या वृद्ध बंगाली गृहस्थांनी अदबीनं सांगितलं की या वाणाची नोंद गेल्या वर्षीच झाली आहे, नाव 'शकुन'. बदलता येणार नाही. माझ्या फुलांखाली तेच लिहिलं.

बाई आली होती. सगळ्यांत आधी टाळ्या तिनं वाजवल्या.

हे मागे उभे होते. मी वळून पाहिलं नाही. तेरा दिवस झाले, कामापुरतंच बोलते.

१० जानेवारी १९५४

मिरीकर साहेब घरी होते. श्यामसुंदर मिरीकर म्हणजे चार शब्दांत काम आटपणारा माणूस. चहा झाल्यावर मी म्हटलं, एक विनंती आहे. यांना जबलपूरला जायचं आहे. तिथे यांचे थोरले भाऊ असतात, म्हाताऱ्या आई आहेत. माझी नोकरी आणि मुलांच्या शाळा इथे म्हणून हे बोलत नाहीत. मी इथे मुलांना सांभाळीन. यांना जाऊ द्या.

साहेब म्हणाले, जबलपूरला माणूस हवाच आहे.

शकुनताई (आता बाई म्हणवत नाही) माझ्याकडे बघत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "तुम्ही नेहमी दुसऱ्यांचंच बघता." मला चपला सापडेनात, इतकी मी गोंधळले.

सासूबाई आणि भावजी जबलपूरला आहेत हे खरं आहे. बाकी सगळं खोटं. यांनी माझ्या नावानं खोटं सांगून बदली थांबवली, मी यांच्या नावानं खोटं सांगून करवली. फिटलं.

२८ फेब्रुवारी १९५४

हावड्याला यांना पोचवून आलो. अशोक रडला. हेमा रडली नाही, माझ्याकडे टक लावून बघत होती.

गाडी सुटायला वेळ होता. मुलं मासिकं बघायला गेली तेव्हा हे म्हणाले, "साहेबांनी सांगितलं मला. तुझ्या मिसेसनी विनंती केली म्हणून."

"हो," मी म्हटलं.

वाटलं की आता भांडतील. भांडायला मी तयार होऊन गेले होते, सगळी वाक्यं ठरवली होती. हे नुसतं "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "पावसाळ्याआधी गच्चीची मोरी साफ करून घे. दरवर्षी मीच करतो, तुला माहीत नाही. तुंबली की तुझ्या कुंड्यांत पाणी राहतं."

दहा वर्षं मी त्या गच्चीवर आहे. मोरी तुंबत नाही असंच मला वाटत होतं.

गाडी गेली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. घरी येऊन दोन पोळ्या जास्त लाटल्या गेल्या.

११ मार्च १९५४

यांची दोन पत्रं आली. मुलांना वाचून दाखवली. उत्तर मुलांनीच लिहिलं, हेमानं, सुरेख मराठीत. मी खाली काही लिहिलं नाही.

१४ मार्च १९५४

शकुनताई सकाळी गच्चीवर आल्या. त्यांच्या अकरा कुंड्यांना पुन्हा फुटवे आले आहेत, यंदा पहिल्यापासून नीट करायचं म्हणून वही घेऊन आल्या होत्या. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. माती, कुंडीचं माप, शेंडा केव्हा खुडायचा. मग त्यांनी विचारलं, पेंडीचं पाणी कसं?

पुन्हा खोटं सांगता आलं असतं. किंवा गेल्या वर्षी तुमचा हात चुकला, एवढं म्हणून खरं सांगता आलं असतं. दोन्ही तोंडाशी आलं होतं.

मी म्हटलं, "कळीनं रंग दाखवला की बंद. त्यानंतर एक थेंबही नाही."

त्यांनी लिहिलं. मग थांबल्या. मागची पानं चाळली. रेघ मारलेलं पान सापडलं.

"तुम्ही उलट सांगितलं होतं."

"हो."

"चुकून?"

"नाही."

मी सगळं सांगितलं. प्रदर्शनातलं, माळ्यावरचा संशय, फोनच्या दोऱ्या उपटल्या ते, फुटव्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं ते, यांची बदली. कुठेही स्वतःला वाचवलं नाही, निदान तसं मला वाटतं. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "त्या दिवशी आईशी शेवटचं बोलणं झालं माझं. फोन तीनदा तुटला होता." आणि जिना उतरून गेल्या.

१८ मार्च १९५४

ड्यूटीवरून आले तर दारात मिरीकरांचा माळी. हातगाडीवरून कुंड्या आणल्या होत्या. सतराच्या अकराही. एकही मागे ठेवली नाही. चिठ्ठी आहे का विचारलं, तर नाही म्हणाला.

माशीमांनी विचारलं, एवढी भेट कोणी पाठवली? मला बंगालीत नीट सांगता आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

गच्चीवर जागा नव्हती. मुलांनी आणि मी मिळून जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक ठेवली. हेमा म्हणाली, आता रविवारी काकूंकडे जायचं नाही का? मी नाही म्हटलं. का, ते तिनं विचारलं नाही. आपल्या गोष्टींचं पुस्तक काढून अशोकला वाचून दाखवत बसली, अगदी शकुनताईंसारखा आवाज काढून.

माती सुकली होती, उन्हातून आणल्या होत्या. पाणी घातलं. मग यांना पत्र लिहायला घेतलं. परत या असं लिहिलं नाही, तो हक्क मी माझ्या हातानं घालवला आहे. मी त्या फुलांचं काय केलं, आणि त्या बाईंचं काय केलं, तेवढं पहिल्यापासून लिहिलं. चार पानं झाली. पाकिटावर पत्ता लिहिताना लक्षात आलं, लग्नाला चौदा वर्षं झाली आणि यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ.